आम्ही चौघं बरी आहोत

३ जानेवारी

काडे,

हे पत्र मी सांगतेय आणि तुझी आई लिहितेय, त्यामुळे तिच्याविषयी जे सांगायचं होतं ते पोटातच राहणार. आता डोळे वटारून बघतेय, म्हणजे हेसुद्धा लिहिलं असावं. लिहिलंस ना गं? लिहिलं म्हणते. माझा काय भरवसा, मला अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. सरळ चाललीय एवढंच दिसतं, कुठं चाललीय ते मुंग्यांना ठाऊक.

फोन का करत नाही म्हणून विचारू नकोस. फोनवर तू नुसती हं हं करतेस आणि बघत दुसरीकडेच असतेस. पत्राला निदान शेवटपर्यंत थांबावं लागतं.

तुझे बाबा भेटेल त्याला सांगत सुटलेत, मुलीला फेलोशिप मिळाली. कसली, असं कोणी विचारलं की बाबा घशात काहीतरी अडकल्यासारखं करतात. मीच मग सांगते, आमची काडी आजारी नसलेल्या माणसांची डॉक्टर होणार आहे. लोक हसतात. मीही हसते, पण मला खरंच कळत नाही गं. धडधाकट माणूस तुझ्या दाराशी कशाला येईल? आणि एवढी वर्षं रात्रंदिवस घोकून डॉक्टर झालीस ती घरोघर जाऊन दारं वाजवायला? ते तर भांडी विकणारीसुद्धा करते, आणि तिच्या हातात निदान भांडं असतं.

रागावू नकोस. नीट समजावून सांग, म्हणजे मी लोकांना नीट सांगेन.

इकडे आम्ही चौघं बरी आहोत. मागच्या खोलीची खिडकी लागत नाही, वारा सुटला की आपटते. बाबा सुतार बोलावतो म्हणतात, मी नको म्हणते. आपटू दे. घरात कोणीतरी ये-जा करतंय असं वाटतं.

तुझी आजी
(सही आईनंच केलीय. अंगठ्याला शाई मागितली तर म्हणते, टेबलक्लॉथ खराब होईल.)

१९ जानेवारी

आजी,

आई, वाचून दाखवताना मधलं काही गाळू नकोस. आजीला कळतं.

भांडीवालीचं तू बरोबर बोललीस. दारं वाजवणं हेच आता माझं काम आहे. दवाखान्यात आम्ही आजारी माणसाची वाट बघत बसतो. इथे शिकवतात की त्याच्या आधी आपणच उठून आजाराच्या घरी जायचं. आमचे सर फार हळू बोलतात, ऐकायला श्वास धरावा लागतो. पहिल्या दिवशी त्यांनी शहराचा नकाशा भिंतीवर लावला आणि म्हणाले, आजार सगळ्यांना सारखा गाठत नाही. त्याला काही गल्ल्या पाठ असतात. त्या कुठल्या आणि का, ते शोधा.

माझ्या वाट्याला आलेली गल्ली जुन्या बॅटऱ्या फोडण्याच्या कारखान्यामागे आहे. बॅटरीत शिसं असतं. पुरुष कारखान्यात फोडतात, उरलेलं काम बायका घरी आणतात. खिडकीच्या कठड्यावर, गाद्यांवर, भांड्यांच्या कडांवर राखाडी भुकटी बसलेली असते. ती लहान मुलांच्या पोटात जाते. पोट दुखतं, मूल आळसावतं, शाळेत मागे पडतं, फार झालं तर झटके येतात. आधी कळलं तर वाचवता येतं. म्हणून घरातल्या मुलांची नावं लिहायची, प्रत्येकाच्या बोटाला सुई टोचून थेंबभर रक्त घ्यायचं आणि मशीनमध्ये बघायचं. मुलं रडू नयेत म्हणून पट्टी लावल्यावर तिच्यावर मी पेनानं एक फूल काढून देते. मशीन एकच आहे. गल्लीचं काम पुरं झालं की औषधं येतील, कारखान्यावर दबाव येईल. म्हणून एकही मूल सुटता कामा नये.

आणि एक सुटतंय. टोकाच्या घरातली बाई म्हणते, तिला दोन मुली. धाकटीचं रक्त मी घेतलं. आकडा एवढा वाईट की मी दोनदा बघितला. सारखी पोट धरून बसते. मोठीला सगळे गुंडी म्हणतात, बटणाएवढी होती म्हणून. ती कधीच भेटत नाही. आई म्हणते, खेळायला गेलीय. धाकटी म्हणते, आत आहे. दाराशी तिच्या लाल चपला असतात, एकीला एक चिकटून. धाकटीची ही गत, तर मोठीची काय असेल?

काल मी गल्लीत उभं राहून हाक मारली, गुंडी. आजी, सगळ्या गल्लीतले हात थांबले. हातोड्यांचा आवाज थांबला. कोणी माझ्याकडे बघितलं नाही. मग एक हातोडा सुरू झाला, आणि मग बाकीचे.

तुझी काडी

२ फेब्रुवारी

काडे,

आता कळलं. लोकांना सांगते, आमची काडी आजाराच्या घरी पाहुणी जाते. लोक आता हसत नाहीत, जरा बाजूला सरकून बसतात.

तुझ्या गुंडीचं काय, सुईला घाबरत असेल. तू स्वतः विसरलीस? इंजेक्शन म्हटलं की कपाटात शिरायचीस आणि तुझ्या वेणीचं टोक दारात अडकून बाहेर राहायचं. ती वेणी धरून मी तुला बाहेर काढलंय. पोरगी आत कुठेतरी श्वास धरून बसली असेल, आणि आई तिला पाठीशी घालते. आया असंच करतात. तुझीही करायची, आता साळसूदपणे लिहीत बसलीय ती.

तू त्या बाईला जरा घाबरव. सांग, उद्या पोरगी दिसली नाही तर नाव कापते. नाव कापणार म्हटलं की कुठूनही आणून उभी करेल.

आम्ही चौघं बरी आहोत. खिडकी आहे तशीच आहे.

तुझी आजी

(काडी, हे माझं. तुझं पत्र वाचताना लाल चपलांपाशी सासूबाईंनी मला थांबवलं. तेवढंच पुन्हा वाच म्हणाल्या. मग पाणी मागितलं आणि प्यायल्या नाहीत. नाव कापण्याचं त्यानंतर सांगितलं. मी म्हटलं, जरा कडक वाटतं. म्हणाल्या, लिही. – आई)

२० फेब्रुवारी

आजी,

तू सांगितलंस तसं केलं, आणि सगळं विस्कटलं.

मी गुंडीच्या आईला म्हटलं, ताई, उद्या मुलगी दिसली नाही तर नाव कापावं लागेल. तिचा चेहरा असा झाला, जसं मी तिच्या घरातलं काही उचलून न्यायला आलेय. दुसऱ्या दिवशी गेले तर दारात मुलगी उभी. तेल लावलेले केस, धुतलेला फ्रॉक. ‘ही घ्या तुमची गुंडी,’ बाई म्हणाली, ‘आता कापू नका.’

मुलीनं एक मूठ घट्ट मिटली होती. मी दुसरा हात धरायला गेले तर तिनं घाबरून दोन्ही पुढे केले, आणि मूठ उघडली. बोटाला पट्टी, पट्टीवर माझंच फूल. शेजारची मुलगी होती. तिचं रक्त मी दोन दिवसांपूर्वीच घेतलं होतं.

‘घ्या ना दुसऱ्या बोटाचं,’ बाई म्हणाली. ‘काय फरक पडतो, डॉक्टरबाई?’

धाकटी म्हणाली, ‘ही गुंडी नाही. गुंडी आत आहे. ती रागावलीय.’

मी विचारलं नाही, सरळ आत गेले. एक छोटी खोली. एक खाट, तिच्यावर घडी केलेला पिवळा फ्रॉक. कोणी नव्हतं. खाटेखाली बघितलं, दाराआड बघितलं. फ्रॉकला हात लावला तर तो कोमट होता. कोणीतरी आत्ताच काढून ठेवावा तसा. मागे वळले तर बाई दारात उभी होती, हातात इस्त्री.

सरांना सांगावंच लागलं. मग बाकीच्या याद्या तपासल्या. टोकाचं घर एकटं नाही. घरामागून घर, सांगितलेली मुलं जास्त आणि दिसलेली कमी. सर नेहमीच्या हळू आवाजात म्हणाले, ह्या गल्लीच्या आकड्यांवर विश्वास ठेवता येत नाही. मार्चअखेर मशीन नदीपलीकडच्या वस्तीत न्यायचं. तिथले लोक सहकार्य करतात.

म्हणजे धाकटीला औषध नाही. ज्यांचे आकडे वाईट आलेत त्यांना पुढचं काहीच नाही. आणि हे त्यांनी स्वतःच्या हातानं केलं. खोटं का बोलतात गं? मी त्यांच्यासाठीच उन्हातान्हात फिरतेय ना?

तो फ्रॉक माझ्या हाताला अजून कोमट लागतो.

काडी

२६ फेब्रुवारी

काडे,

आज थट्टा नाही. तुझी आई पेन घेऊन बसलीय, तिलाही सांगितलंय, मध्ये बोलायचं नाही.

त्या चपलांवर धूळ असते का? तूच सांगितलंस, खिडकीवर, गादीवर, भांड्यांवर सगळीकडे भुकटी. आणि चपला लाल. लांबून लाल दिसतात त्या. कोणीतरी रोज पुसतं. पायात असलेल्या चपला कोणी रोज पुसतं का? आणि पोरगी खेळायला गेली, तर अनवाणी गेली?

हे मला तुझ्या पहिल्याच पत्रात कळलं होतं. तरी सुईला घाबरत असेल म्हणाले. कारण मला वाटलं, एखादी खरंच खेळायला गेली असेल. एखादी तर जात असेल ना.

तुझी आत्या लहानपणी गेली एवढंच तुला ठाऊक. ठकी तिचं नाव. तुझ्या बाबांहून मोठी. आम्ही तेव्हा कारखान्यामागच्या खोल्यांत राहायचो. घटसर्पाची साथ आली. लस देणारी गाडी पुढच्या रस्त्यावर उभी राहिली, त्या घरांना नंबर होते. आमच्या खोल्यांना नव्हते, म्हणून त्यांच्या कागदात आम्ही नव्हतो. मी ठकीला कडेवर घेऊन गाडीपर्यंत गेले. गाडीतली बाई वाईट नव्हती. तुझ्यासारखीच, उन्हानं लाल झालेली. म्हणाली, यादीत नाव नाही, संध्याकाळी उरली तर देते. संध्याकाळी गाडी गेलेली होती. पुढच्याच आठवड्यात ठकीचा गळा धरला.

मग काही दिवसांनी माणसं मोजायला एक बाई आली. घरात किती? तुझे आजोबा, मी, तुझे बाबा. मी म्हटलं, चौघं. तिनं नाव नाही विचारलं, आकडा घेतला आणि गेली.

तुझे आजोबा गेले तेव्हा त्यांचा कागद मिळाला, शिक्का मारलेला. लोक आले, बसले, रडले. तो माणूस रीतसर गेला, म्हणून त्यांना मी मोजत नाही. ठकी कुठल्या कागदावर आलीच नव्हती. जी कुठे आलीच नाही, ती जाईल कशी? ती घरातच आहे. खिडकी आपटते तेव्हा मी म्हणते, आली गं बाई.

त्या बाया तुझ्याशी खोटं नाही बोलत, काडे. तू विचारलंस घरात मुलं किती. त्यांनी सांगितलं. आणि मी तुला शिकवलं, नाव कापते म्हण. मी शिकवलं. मला तरी कळायला हवं होतं.

मशीन घेऊन जाऊ नकोस. रिकाम्या हातानं जा, दारात बस. गेली का, कधी गेली, कशानं गेली, यातलं काही विचारू नकोस. विचार, गुंडीला काय आवडतं.

आजी

१५ मार्च

आजी,

गेले. उंबऱ्यावर बसले. बाईनं आत ये म्हटलं नाही, जा पण म्हटलं नाही. धाकटी येऊन माझ्या मांडीला टेकली. बऱ्याच वेळानं मी विचारलं, ‘ताई, गुंडीला काय आवडतं?’

तिनं बॅटरीचा तुकडा खाली ठेवला. म्हणाली, ‘फुलं काढायला.’

‘कशानं?’

‘इथेच, तुम्ही बसलाय तिथे. ही भुकटी बोटाला लागावी म्हणून बोट जिभेला लावायची, भुकटीत बुडवायची आणि फुलं काढायची. दिवसभर. मी म्हणायचे, चला, गप्प बसून खेळतेय, मला काम करू देतेय.’ मग म्हणाली, ‘तुम्ही पहिल्या दिवशी धाकटीच्या पट्टीवर फूल काढलंत, तेव्हाच मी घाबरले. म्हटलं, हिला कोणी सांगितलं?’

आजी, ज्या उंबऱ्यावर बसले होते तिथे हात टेकवत नव्हता.

मागच्या थंडीत झटके आले. दवाखान्यात म्हणाले, ताप डोक्यात गेला. कोणी रक्त बघितलं नाही. मी तिला सांगितलं की ताप नव्हता, शिसं होतं. सांगावं की नाही, कळत नव्हतं. ती म्हणाली, ‘म्हणजे माझ्या ह्या कामानं.’ मी म्हटलं, ‘कामानं नाही. जे तुमच्या घरात यायलाच नको होतं ते आणून टाकणाऱ्यांनी.’ तिला पटलं असं मला वाटत नाही. फ्रॉकला ती रोज इस्त्री करते, कारण गुंडीला गार कपडे आवडत नाहीत.

मी तिथेच बसले होते, तर शेजारची आली. मग समोरची. कोणी बोलावलं नव्हतं. एकेक जण सांगायला लागली, आमच्याला काय आवडतं. कोणाला शिट्टी, कोणाला आजोबांचा चष्मा लावून बसायला. मी सगळं लिहून घेतलं, वेगळ्या पानावर. एकीनं मात्र माझ्या तोंडावर दार लावलं. ते अजून बंद आहे.

गुंडीच्या आईची अट एकच, मुलांच्या यादीतून नाव कापायचं नाही. कापलं नाही. तिच्या नावापुढे लिहिलं, घरी आहे, रक्त घेता येणार नाही. आणि वेगळ्या पानावर बाकीचं.

ते पान सरांसमोर ठेवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. मी वाट बघत होते की आता म्हणतील, हे आपल्या अभ्यासात बसत नाही. ते म्हणाले, ‘मशीन तिथेच राहू द्या.’ आणि उठून खिडकीशी गेले. धाकटीला इस्पितळात खाट मिळाली, औषध सुरू झालंय. कारखानदार अजून भेटसुद्धा देत नाही. त्याच्याशी भांडण लांबेल.

आता एक तुझ्याशी. तुझ्या पत्रांत असतं, पूर्वी तोंडी असायचं, आम्ही चौघं बरी आहोत. तू, बाबा, आई, आणि मला लहानपणापासून वाटायचं की चौथी मी. इथे परक्या शहरात ती ओळ वाचून मला बरं वाटायचं. वाटायचं, आजी मला अजून घरात धरते.

तुझ्यावर राग नाही. पण मला सांग. ठकीला काय आवडतं?

काडी

२८ मार्च

काडे,

तुझं पत्र तुझ्या आईनं वाचलं आणि स्वयंपाकघरात गेली ती बाहेरच येईना. शेवटी मीच गेले. तिनं मला जे सांगितलं ते ती लिहायला तयार नव्हती. मी म्हटलं, आजवर मी सांगेन ते लिहिलंस, आता आपलंही लिही.

(काडी, मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी सांगितलं, घरात तुझी एक नणंद आहे. मी नणंदेसाठी बांगड्या आणल्या होत्या. ती कधी येते म्हणून रोज वाट बघायचे. विचारलं की सगळे म्हणायचे, इथेच असेल. कळलं तेव्हा बांगड्या परत घेता येईनात, म्हणून मागच्या खोलीच्या खिडकीत ठेवल्या. खिडकी त्यामुळे लागत नाही. सुतार नको असं सासूबाई म्हणतात, पण त्यांच्याआधी मीच म्हणायचे. – आई)

बघ. इतकी वर्षं मी हिला कजाग समजत होते. आहेच. पण खिडकीत बांगड्या आहेत हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, ठकीच वाजवते.

तू चौथी नाहीस. चौथी ठकी. तुला मी मोजत नाही, कारण तू गेलीस तर पत्र लिहितेस. जिचं पत्र येतं तिला मोजावं लागत नाही.

आता ठकीला काय आवडतं ते. इतक्या वर्षांत मला हे कोणी विचारलं नाही, म्हणून सांगताना अडखळतेय. तिला गूळ आवडत नाही, मीठ आवडतं. नुसतं चाटायची. तिला माझ्या पाठीवर पाठ टेकून बसायला आवडतं. माझ्या पाठीला अजून एका जागी ऊब लागते, डॉक्टर म्हणाला वात आहे. असू दे वात. तिला उलटं झोपायला आवडतं, उशीकडे पाय. सकाळी तोंड शोधावं लागायचं. हसायची तेव्हा आवाज यायचा नाही, नुसते खांदे हलायचे. शेवटच्या दिवशी गळा धरला होता, आवाज नव्हताच, तरी मला वाटलं हसतेय.

हे सगळं तू तुझ्या वेगळ्या पानावर लिही. गुंडीच्या शेजारी थोडी जागा असेल तर तिथे.

मग मी तुझ्या आईला म्हटलं, ठकीचं नाव लिहून दाखव. नुसतं नाव, बाकी काही नको. कधी कुठे लिहिलंच गेलं नाही, मी बघितलंच नाही ते दिसतं कसं. तिनं कोऱ्या कागदावर मोठं लिहिलं. मी म्हटलं, एवढंच? मला वाटलं होतं पान भरेल.

कागद मी हातात धरून बसलेय. तुझी आई म्हणते, तुम्ही उलटा धरलाय. धरला असेल. ठकीला चालेल, तिला तसंच आवडतं.

आजी